सलोमीचे उपास

पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या एका खोऱ्यात लहानसं गाव होतं. गावातली माणसं येशूला भजणारी. गावाच्या मधोमध दगडी प्रार्थनामंदिर होतं आणि त्याच्या शेजारच्या खोलीत म्हातारे पाळक राहत. त्यांना सगळे शिमोनबाबा म्हणत.

या गावात सलोमी नावाची सुईण होती. तिचा नवरा तरुणपणीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. पण गावातलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या हातांत जन्माला आलेलं. ती रस्त्याने निघाली की चांगले मिशा फुटलेले बाप्येही वाट सोडून उभे राहत आणि "मावशी, बरं आहे ना?" असं विचारत. पहिली अंघोळ जिच्या हातची, तिच्यापुढे कोण ताठ उभा राहणार? सलोमीला हे आवडायचं. कुणालाही आवडलं असतं.

ती देवभीरू बाई होती. रविवारी प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी जायची. खोटं बोलायची नाही, कुणाच्या शेतातली शेंगही तोडायची नाही. आपल्या हातून कधी मोठं पाप घडलं नाही, असं ती तोंडाने म्हणत नसे. मनात मात्र तिला तसंच वाटे.

एका वर्षी गावच्या गवंड्याने नदीपलीकडची बायको करून आणली. तिचं नाव लुदिया. तिची आजी सुईण होती आणि लुदिया आजीच्या हाताखाली सगळं शिकली होती. गावात आल्याबरोबर ती सलोमीच्या दारात गेली.

"मावशी, गाव तुमचं आहे," ती म्हणाली. "कधी जास्तीचा हात लागला, तर मला हाक मारा."

सलोमीला पोर आवडली. तिने तिला बसवून गूळ-पाणी दिलं.

पुढे पावसाळ्यात सलोमीला ताप आला. ती अंथरुणाला खिळलेली असताना मेंढपाळाच्या बायकोला कळा सुरू झाल्या, म्हणून लुदियाला बोलावलं गेलं. सगळं पार पडल्यावर शेजारीण सलोमीकडे बातमी घेऊन आली.

"मावशी, मूल आडवं होतं. आम्ही तर आशाच सोडली होती. पण लुदियाने पोटावरून तेलाचा हात फिरवत फिरवत त्याला सरळ केलं. आणि एकदाही रागावली नाही हो."

सलोमी बाळंतिणीला रागवायची. रागावल्याशिवाय बायका जोर लावत नाहीत, असं तिचं मत होतं.

"देवाची कृपा," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले. शब्द बरोबर होते. पण छातीत काहीतरी रुतलं. ताप उतरला, तरी ते निघालं नाही.

त्यानंतर काही बायका लुदियाला बोलावू लागल्या. सगळ्याच नव्हेत, पण काही. आता गल्लीत कुणाची धावती पावलं वाजली की सलोमी कान टवकारायची. पावलं दाराशी थांबली, तर जीव भांड्यात पडे. पुढे निघून गेली, तर तव्यावरची भाकरी करपून जाई आणि तिला कळतही नसे. एखाद्या घरातून तान्ह्या बाळाचं रडणं आलं की पूर्वी ती हसायची. आता आधी मनात येई, हे कुणाच्या हातचं?

पाणवठ्यावर लुदियाचं कौतुक होई. सलोमीला कुणी नावं ठेवत नव्हतं. तरी ते कौतुक तिच्या कानात शिरताना निंदा होऊनच शिरे.

एकदा लुदिया शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय घसरून पडली. तिने पटकन हात टेकला आणि मनगट धरून ती कळवळत बसली. सलोमी मागेच होती. तिने धावत जाऊन तिला उठवलं, पदर फाडून मनगट बांधून दिलं. पण हे करत असताना तिच्या मनात एक विचार येऊन गेला, की हात मोडला असता तर बरं झालं असतं.

त्या विचाराने ती घाबरली. घागर तशीच ठेवून ती शिमोनबाबांकडे गेली.

"बाबा, माझ्या मनात मत्सर शिरलाय," ती म्हणाली. कुणाचा, ते तिने सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही.

"मग तू काय करतेस?"

"हाकलते. पण तो पुन्हा येतो."

"त्याला हाकलण्यात दिवस घालवू नकोस, सलोमी. प्रभूपाशी बस. त्याच्यावर प्रेम कर."

"ते तर मी जन्मभर करतेय, बाबा. मला काही उपाय सांगा."

"मला एवढाच ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

सलोमीचं समाधान झालं नाही. म्हाताऱ्याला आता काही सुचत नाही, असं मनाशी म्हणत ती घरी आली आणि तिने आपला उपाय आपणच ठरवला. शुक्रवारी उपास धरला. तेवढ्याने भागेना, तेव्हा बुधवारीही धरला. लुदियाचं नाव तोंडातून काढायचं नाही, असं ठरवलं. तिच्या घरावरून जाणारी वाट सोडली आणि पाणी आणायला ती लांबच्या गल्लीने जाऊ लागली. रोज दिवेलागणीला ती गुडघे टेके आणि आज आपल्याला मत्सर वाटला का, कधी वाटला, किती वाटला, हे आठवून आठवून बघे.

आता बघा काय झालं. लांबच्या गल्लीत पाऊल टाकलं की ही गल्ली आपण का धरली, ते आठवायचं. पोटात भूक उठली की उपास कशासाठी, ते आठवायचं. उपास देवाच्या नावाचा होता, ध्यान मात्र लुदियाचं होतं.

मग तिला वाटलं, आपण तिचं काही भलं करावं. म्हणून तिने तिळाचे लाडू करून लुदियाकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी लुदिया डबा घेऊन आली. रिकामा डबा परत करू नये, म्हणून तिने त्यात नवे तांदूळ घातले होते.

"मावशी, मला आई नाही," ती म्हणाली. "लाडू खाताना वाटलं, ती असती तर असेच केले असते."

ती गेल्यावर सलोमी डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. हिचा हात माझ्यापेक्षा हलका, तिला वाटलं, आणि आता मनही माझ्यापेक्षा चांगलं. मत्सराला उपाशी मारायला निघालेल्या बाईने त्याला आणखी एक घास भरवला होता.

त्याच सुमारास पाटलांच्या सुनेला दिवस गेले. सुनेचं नाव अनुग्रहा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिची कूस उजवली होती, म्हणून घर तिला फुलासारखं जपत होतं. आणि अनुग्रहाने सासूला सांगितलं, की मला लुदियाताईच हव्यात.

ही गोष्ट सलोमीच्या कानावर गेली. पाटलांचा मुलगा, अनुग्रहाचा नवरा, सलोमीच्याच हातांत जन्माला आला होता.

नदीवर धुणं धुताना पाटलीणबाईंनी तिला सहज विचारलं, "सलोमी, त्या लुदियाचा हात कसा आहे गं? तुला कळतं, म्हणून विचारते."

"हात चांगला आहे," सलोमी म्हणाली. एवढ्यावर ती थांबली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिने लुगड्याचा पिळा घट्ट पिळला आणि खाली मान घालून म्हणाली, "फक्त तिच्या माहेरी दोन मुलं तिच्या हातून गेली म्हणतात. खरंखोटं देव जाणे."

असं कुणीच म्हणत नव्हतं. सलोमीने ते त्या क्षणी, पाण्याकडे बघत बघत रचलं होतं.

बोललेला शब्द धुण्याबरोबर घरोघरी गेला. दोन मुलांची तीन झाली. पोटुश्या बायका लुदियाला पाहून पदर ओढून घेऊ लागल्या. तिची घागर पाणवठ्यावर शेवटी भरू लागली. गवंड्याला लोक काम देत, पण त्याच्या बायकोला उंबऱ्याच्या आत घेत नसत. हे कुठून आलं, ते लुदियाला कळेना. ती एकदा सलोमीच्या दाराशी आली, काही विचारावं म्हणून उभी राहिली आणि न विचारताच परत गेली. सलोमीने ते दाराच्या फटीतून पाहिलं.

धावती पावलं पुन्हा सलोमीच्या दाराशी थांबू लागली. तिला हवं होतं ते मिळालं. पण घास तोंडात फिरू लागला आणि प्रार्थनेला बसलं की आपला आवाज भिंतीवर आपटून परत येतोय, असं तिला वाटे. तरी उपास तिने चालूच ठेवले.

अनुग्रहाचे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या आणि सलोमीला बोलावलं गेलं. तिने हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं.

तिने तिला येत होतं ते सगळं केलं. शेक दिला, कूस बदलायला लावली, चालवलं. सूर्य वर आला, उन्हं अंगणात उतरली, आणि मूल जागचं हललं नाही. अनुग्रहाच्या ओठांवरचा रंग जात चालला.

"लुदियाताईंना बोलवा," ती पुटपुटली.

"नाव काढू नकोस," सासू म्हणाली. "तिच्या हातून मुलं गेलीत."

सलोमी पाणी आणायला म्हणून परसात गेली आणि रांजणापाशी उभी राहिली. तिच्या मनाने झरझर सगळं मांडलं. लुदिया आली आणि मूल वाचलं, तर गावात तुला कुणी विचारणार नाही. ती आली नाही आणि मूल गेलं, तर लोक म्हणतील, आडवं होतं, देवाची इच्छा. तुला कुणी दोष देणार नाही. आतून अनुग्रहाचं कण्हणं ऐकू येत होतं. आणि सलोमीच्या लक्षात आलं, की ते कण्हणं ऐकत ऐकत आपण हा हिशेब करतोय.

ती रांजणाला धरून खाली बसली. किती दिवस तिने मत्सराशी झुंज घेतली होती, आणि तो एका पोरीचा जीव मागण्याइतका मोठा झाला होता.

"प्रभू," ती म्हणाली, "माझं तुझ्यावर प्रेम नाही. आहे असं मला वाटत होतं. मी तुझ्याकडे माझा मान सांभाळायला येत होते. हे पाप माझ्याने जिंकवत नाही. तूच धर मला."

आकाशातून आवाज आला नाही. मन हलकंही झालं नाही. पण ती उठली, आत गेली आणि सगळ्यांच्या समोर म्हणाली, "लुदियाच्या हातून एकही मूल गेलेलं नाही. ते मी खोटं बोलले. तिला हे जमतं, मला जमत नाही. मी तिला घेऊन येते."

पाटलीणबाई काही बोलायच्या आत ती बाहेर पडलीही होती. जी गल्ली तिने इतके दिवस टाळली, तिच्यातून ती अनवाणी धावत गेली.

लुदिया दारात तांदूळ निवडत होती. सलोमीने धापा टाकत, एकही शब्द न लपवता सांगितलं. खोटं कुणी पसरवलं, का पसरवलं, आणि आता पाटलांच्या घरी काय चाललंय.

लुदियाचा चेहरा पांढरा पडला. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"ते आपण नंतर बोलू," ती म्हणाली. "तेल आहे का तिथे, की घेऊ?"

दोघी पाटलांच्या घरी आल्या. लुदियाने हात धुतले, तेल कोमट केलं आणि अनुग्रहाच्या पोटावर हात ठेवला. सलोमी मागे बसली. तिने अनुग्रहाला आपल्या छातीशी टेकवून धरलं आणि त्या दिवशी ती एकदाही रागावली नाही. "हळू, बाळा, हळू श्वास घे," एवढंच ती म्हणत होती. लुदियाचे हात थांबत, पुन्हा फिरत, पुन्हा थांबत. दुपार कलायच्या आधी मूल वळलं, आणि उन्हं उतरायच्या आत जन्मालाही आलं. मुलगी होती. आधी गप्प होती, मग रडली.

सलोमीने तिच्याकडे हात पुढे केला, तेव्हा पाटलीणबाई मध्ये आल्या.

"तू हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या जिभेने आज माझ्या घरात दोन जीव गेले असते."

सलोमीने हात मागे घेतला. ते खरंच होतं.

त्यानंतर तिच्या दाराशी कुणाची पावलं थांबली नाहीत. बाप्ये रस्त्यात तिला पाहून नजर वळवत. रविवारी ती प्रार्थनेला गेली, पण आत गेली नाही. बाहेर, जिथे लोक वहाणा काढत, तिथे बसली. उपास सुटले होते. देवाला दाखवावं असं आता तिच्यापाशी काही नव्हतं.

काही दिवसांनी लुदिया तिच्याकडे आली. सलोमी चूल न पेटवताच बसून होती. लुदियाने चूल पेटवली, पेज शिजत ठेवली आणि मग ती समोर बसली.

"मी आधीच येणार होते," ती म्हणाली. "पण राग जात नव्हता. मी तुम्हाला शिव्याशाप दिले, मावशी. घरात एकटीच बसून दिले."

"देणारच. मी तुझी भाकरी काढून घेतली. नाव काढून घेतलं."

"हो. घेतलंत." लुदियाने पेज ढवळली. "तरी मी तुम्हाला माफ केलंय. अजून दुखतं. पण माफ केलंय. मी प्रभूकडे तुमची तक्रार घेऊन गेले, तर तिथे मला माझंच काय काय माफ झालेलं आठवलं. मग तुमच्यासाठी नाही म्हणता येईना."

तिने वाटीत पेज काढून तिच्या हातात दिली. सलोमीने वाटी दोन्ही हातांत धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

दुपारी ती प्रार्थनामंदिरात गेली. आत कुणी नव्हतं. आजवर ती इथे आपलं चांगलं वागणं घेऊन यायची, पदरात बांधून आणल्यासारखं. आज पदर रिकामा होता. आणि तिला कळलं, की देवाने तिला तेव्हाही जवळ घेतलं होतं आणि आत्ताही घेतो आहे, रांजणापाशी तिने काय काय तोललं, ते सगळं पाहून घेतो आहे. एवढं वाईट असूनही जो आपल्याला दार लावत नाही, तो कोण आहे? हा प्रश्न तिने जन्मात कधी विचारला नव्हता. ती बराच वेळ तिथे बसून राहिली. तिने काही मागितलं नाही. तिला त्याच्यापाशी नुसतं बसावंसं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावंसं वाटलं.

ती रोज जाऊ लागली. संध्याकाळी मत्सर मोजायचं तिने सोडून दिलं. मोजायला वेळच उरत नसे. मत्सर कधीमधी येई, नाही असं नाही. कुणी लुदियाची वाखाणणी केली की जुनी कळ उठे. मग सलोमी म्हणे, "प्रभू, बघ, हा आलाय," आणि आपल्या कामाला लागे. गवंड्याच्या घरी माणूस धावत आलं की लुदिया तिला हाक मारी. सलोमी पाणी तापवी, फडकी धुई, बाळंतिणीला धरून बसे.

एक काम मात्र तिचं एकटीचं होतं. तिचं खोटं डोंगर ओलांडून शेजारच्या गावांतही गेलं होतं. ते परत आणणं कठीण, हे तिला ठाऊक होतं. तरी ती एकेका गावी जाई, पाणवठ्यावर उभी राही आणि सांगे, "लुदियाबद्दल तुम्ही ऐकलंत ते खोटं आहे. रचणारी मीच." काही बायका हसत. काही तोंडावर बोलत. काहींना ते कधीच पटलं नाही, त्या शेवटपर्यंत लुदियाला बोलावायला कचरत राहिल्या. आपल्या शब्दाने झालेलं सगळं नुकसान आपल्याला भरून काढता येत नाही, हे दुःख सलोमीला सोसावं लागलं.

अशाच एका डोंगरापलीकडच्या गावात सुनेचे दिवस भरत आलेल्या एका म्हातारीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खरं सांग. तुमच्या दोघींत चांगली सुईण कोण?"

"लुदिया," सलोमी म्हणाली. "तुमच्या सुनेला तिच्याच हातात द्या. गवंड्याचं घर म्हणून विचारा, कुणीही दाखवेल."

ती घोटभर पाणी मागून प्यायली आणि परत निघाली. खिंड चढून झाली, पलीकडची उतरण लागली, तेव्हा आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. ती वाटेतच थांबली. तिने छातीत चाचपून पाहिलं. तिथे काही रुतलेलं नव्हतं.

गावात पोचल्यावर ती थेट शिमोनबाबांकडे गेली. बाबा ओट्यावर ऊन खात बसले होते.

"बाबा, तो गेला," ती म्हणाली. "कधी गेला, मला कळलंच नाही."

"असू दे," बाबा म्हणाले. "आलं कोण, ते तर कळलं ना?"

सलोमी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली आणि लहान मुलासारखी हसली.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: पापाकडे डोळे लावून पाप जात नाही, देवाच्या प्रेमाने मन भरलं, की त्याला तिथे जागाच उरत नाही.